पोट भरलंय, पोरगी वाळतेय: खानापूर तालुक्यातल्या एका घराचं प्रकरण

कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यात, खानापूरच्या पश्चिमेला, कणकुंबी-जांबोटीच्या पावसाळी पट्ट्यात, घरात अन्न नाही म्हणून मूल वाळल्याचं क्वचितच आढळतं. मडक्यात तांदूळ असतो, डब्यात नाचणीचं पीठ असतं, परड्यात शेवगा असतो. तरीही मूल वाळतं. हे कसं घडतं आणि कुठे हात घातला की थांबतं, ते एका घराच्या निमित्ताने इथे मांडलं आहे. घर प्रातिनिधिक आहे. या भागात पुन्हा पुन्हा दिसणाऱ्या गोष्टी एका छपराखाली आणल्या आहेत आणि वजनं त्या बेताने धरली आहेत. निकष, औषधांचे डोस आणि अन्नाची मापं मात्र प्रत्यक्षातली आहेत.

जूनचा शेवटचा आठवडा. मुलगी १४ महिन्यांची. आई दुसऱ्यांदा गरोदर, चौथा महिना. बाप बेळगावात गवंडीकामाला, शनिवारी घरी येणारा. लावणी तोंडावर आलेली, त्यामुळे आई सकाळी आठला शेतात जाते ती पाचला परतते. दिवसभर मुलगी आजीजवळ. अंगणवाडी सेविकेला आजीचं सांगणं एकच, "टीचर, पोट भरलंय की तिचं. वाटी संपवलीय." आजी खोटं बोलत नव्हती.

कार्डावरची रेष

जन्माचं वजन २.४ किलो, म्हणजे अडीच किलोच्या आत. सहाव्या महिन्यात ६.० किलो: जन्मतः लहान असूनही आलेख हिरव्या पट्ट्यात, कारण तोवर अंगावरचं दूध होतं. नवव्या महिन्यात ६.४, अकराव्यात ६.५, चौदाव्यात पुन्हा ६.५. आठ महिन्यांत अर्धा किलो. १४ महिन्यांच्या मुलीचं मध्यम वजन ९.४ किलो असतं. ७.४ च्या खाली पिवळा पट्टा आणि ६.६ च्या खाली केशरी. म्हणजे केशरी पट्टा लागला तो जूनमध्ये, पण रेष आडवी झाली होती नवव्या महिन्यापासून. खरी धोक्याची खूण ती होती. बहुतेक ठिकाणी रंग बदलला की धावपळ सुरू होते. रेष सपाट झालेली कुणी वाचत नाही, आणि त्यात चार-पाच महिने जातात.

इथे सीमेचा एक खास घोळही होता. पहिलं बाळंतपण आईच्या माहेरी, महाराष्ट्रातल्या चंदगड तालुक्यात झालं. नोंदणी तिकडच्या अंगणवाडीत. चौथ्या महिन्यात मायलेकी सासरी आल्या, पण पोषण ट्रॅकरमध्ये, म्हणजे अंगणवाडीच्या नोंदींच्या ॲपमध्ये, नाव तिकडेच राहिलं. आधार तेच असल्यामुळे इकडे नवीन नोंद होत नाही. तिकडच्या सेविकेने नाव स्थलांतरित करावं लागतं, आणि तसं करा हे तिला सांगणारं कुणी नव्हतं. नाव इकडच्या यादीत आलं नवव्या महिन्यात. वरचं खाणं सुरू होण्याचा जो नाजूक काळ, नेमका त्याच काळात या मुलीच्या नावाने ना शिधा आला, ना वजनाला बोलावणं. शिवाय कर्नाटकात मिळालेलं तायी कार्ड (आई-बाळाच्या नोंदींचं कार्ड) कन्नडमध्ये. आई मराठी माध्यमात दहावीपर्यंत शिकलेली, घरात कार्ड वाचणारं दुसरं कुणी नाही. रंग तिला समजले असते, पण ते दाखवायलाही कुणीतरी शेजारी बसायला हवं होतं.

मापं पुन्हा घेतली

६.५ हा आकडा तसाच धरला नाही. या पट्ट्यात मापातल्या चुका ठरलेल्या असतात: काटा शून्यावर न आणणं, अंगात स्वेटर, कमरेला चांदीचा करगोटा, पायात वाळे. एवढ्याने दीडदोनशे ग्रॅम सहज वाढतात आणि केशरीतलं मूल पिवळ्यात दिसतं. करगोटा सोडून, काटा शून्यावर आणून वजन घेतलं, तेव्हाही ६.५ च आलं. लांबी दोन वर्षांखाली झोपवूनच मोजायची असते. उभं करून मोजलं की पाऊण सेंटिमीटरच्या आसपास कमी भरते. पहिली नोंद उभ्याची होती. आडवं मोजल्यावर ७०.० सें.मी. भरली. या वयाला ७१ च्या खाली म्हणजे खुजेपणा. ७० सें.मी.च्या मुलीसाठी वजनाची हद्द अशी: ६.९ च्या खाली मध्यम कुपोषण, ६.३ च्या खाली तीव्र. डाव्या दंडाचा घेर ११.९ सें.मी. म्हणजे पट्टीवर पिवळा (११.५ ते १२.५). दोन्ही पावलांवर अंगठ्याने तीन सेकंद दाबून पाहिलं, खड्डा राहिला नाही, सूज नव्हती. ताप, जुलाब, धाप नव्हती. समोर खायला दिलं तर खात होती.

म्हणून प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टरांना दाखवून घरीच सुधारणा करायची असं ठरलं. दंड ११.५ च्या आत असून सोबत आजार असता, सूज असती किंवा मुलीने खायलाच नकार दिला असता, तर पोषण पुनर्वसन केंद्रात दाखल करण्याला पर्याय नव्हता. लावणीच्या दिवसांत गरोदर सुनेने दोन आठवडे घर सोडायचं म्हटलं की घरात केवढं वादळ उठतं हे माहीत असूनही.

एक दिवसाचं खाणं

"काय खाते?" असं विचारलं की "सगळं खाते" हेच उत्तर मिळतं. म्हणून कालचा दिवस सकाळपासून रात्रीपर्यंत, वाटी हातात धरून विचारला. सकाळी सहाला चहात बुडवलेले दोन टोस्ट. नऊला वाटीभर नाचणीची आंबील. बाराला चार घास भात, वर आमटीचं पाणी. डाळ तळाशी राहते आणि मोठ्यांच्या ताटात जाते. चारला पाच रुपयांचा बिस्किटपुडा, त्यातला निम्मा. घरचं जेवण नऊला होतं. मुलगी आठलाच झोपते, म्हणून रात्री दोन घास दूधभात किंवा काहीच नाही. बेरीज केली तर जेमतेम ४०० कॅलरी. अंगावरचं दूध सुटलेल्या या वयाच्या मुलाला दिवसाला ९०० च्या आसपास लागतात.

दूध सुटलं होतं अकराव्या महिन्यात. दिवस राहिल्याचं कळताच सासूने तोडायला लावलं, कारण गरोदरपणातलं दूध अंगावरच्या मुलाला बाधतं ही समजूत. गर्भारपण नेहमीसारखं चालू असेल तर दूध पाजायला हरकत नसते. पण तोडून तीन महिने झाले होते, म्हणून पुन्हा सुरू करायचा खटाटोप केला नाही. त्यात आईलाच मनस्ताप झाला असता.

सगळ्या प्रकरणाचं मूळ त्या नऊच्या आंबिलीत होतं. आजी अडीचशे मि.ली.च्या वाटीला दोन लहान चमचे पीठ घालायची, साधारण १० ग्रॅम, वर मीठ आणि थोडं ताक. आंबील अशी की चमचा तिरका केला तर पाण्यासारखी धार लागे. एवढ्या वाटीत ४० च्या आसपास कॅलरी. लहान मुलाच्या पोटात एका वेळी किलोमागे साधारण ३० मि.ली. मावतं, म्हणजे या मुलीच्या पोटात दोनशेच्या आत-बाहेर. वाटी संपते, पोट तडीस लागतं, मूल मान फिरवतं, आजी समाधान पावते. भूक मेलेली, अंगाला मात्र काही नाही. गावात अशा मुलाला मुडदूस झाला म्हणतात, मीठमोहरी ओवाळून दृष्ट काढतात. दृष्ट काढायला आपली काही हरकत नाही, त्यानंतरच्या वाटीत काय पडतं तेवढं बघावं.

वाटी घट्ट कशी केली

नवं अन्न काहीच सांगितलं नाही. तीच नाचणी, तीच चूल. नाचणीचं पीठ २५ ग्रॅम (पोह्याचे तीन शिगोशीग चमचे), भाजून अगदी बारीक कुटलेल्या शेंगदाण्याचं कूट १० ग्रॅम, गूळ १० ग्रॅम, तूप किंवा शेंगतेल एक चहाचा चमचा, पाणी दीड-पावणेदोनशे मि.ली. पीठ आधी थंड पाण्यात कालवायचं, नाहीतर गुठळ्या होतात. मंद आचेवर सात-आठ मिनिटं सतत हलवायचं, तूप शेवटी. या वाटीत २२० च्या आसपास कॅलरी, आधीच्या पाचपट, आणि पोटातली जागा तेवढीच. परीक्षा एकच: चमचा तिरका केला तर लगदा चमच्याला धरून राहिला पाहिजे. आजीला कॅलरी सांगून उपयोग नव्हता. दोन वाट्या शेजारी ठेवून दोन्हीतला चमचा तिरका करून दाखवला, बाकी तिचं तिला कळलं.

पहिल्या चार दिवसांतच अडचण आली. घट्ट लगदा मुलीच्या घशाखाली उतरेना, ती थुंकायला लागली, आणि आजी पुन्हा पाणी घालायला लागली. सगळे प्रयत्न फसतात ते नेमके इथे. यावर उपाय आहे मोड आलेल्या नाचणीचं पीठ. मोड येताना धान्यात पिष्ट फोडणारं विकर (एन्झाइम) तयार होतं. घट्ट लगद्यात ते पीठ चमचाभर मिसळलं की पाणी न घालताच लगदा सैल होतो, ताकद तशीच राहते. कृती अशी: नाचणी निवडून, धुऊन रात्रभर भिजवा. पाणी काढून ओल्या फडक्यात घट्ट बांधून दीड दिवस ठेवा, मधे दोनदा पाणी शिंपडा. मोड बोटाच्या पेराच्या निम्म्याने आले की पसरून पूर्ण वाळवा, हाताने चोळून मोड झाडा, आणि वास सुटण्यापुरतंच हलकं गरम करून दळा. खरपूस भाजलं तर विकर मरतं आणि ते साधं पीठच उरतं. बायका नेमकी हीच चूक करतात, कारण भाजलं की चांगलं असा हात बसलेला असतो. लापशी उतरवून बोट सोसेल इतपत निवली की चहाचा एक चमचा हे पीठ घालून ढवळायचं, पाच मिनिटं थांबायचं, सैल झाली की पुन्हा एक उकळी आणायची, कारण कच्च्या पिठाने पोट बिघडू शकतं.

जुलैत इथे ऊन नसतं. मोड आलेली नाचणी अंगणात वाळत नाही, बुरशी धरते. म्हणून पाव किलोच केली आणि चुलीवरच्या फडताळात दोन दिवस ठेवून वाळवली. शेंगदाण्याचंही तेच. काळा पडलेला, सुरकुतलेला किंवा कडवट दाणा बाजूला काढायचा, बुरशीचं विष भाजल्याने जात नाही.

अंगणवाडीतून मिळणारं पुष्टी पीठ घरी येत होतं, पण त्याचे लाडू होऊन पाव्हण्यांसह सगळ्यांच्या पोटात जात होते. पाकीट वेगळ्या डब्यात काढून डब्यावर मुलीचं नाव घातलं. चारच्या बिस्किटाऐवजी त्या पिठाची, तुपावर दोन मिनिटं परतून केलेली घट्ट लापशी. चहा बंद, कारण एक तर त्याने भूक मरते आणि दुसरं, अन्नातलं लोह अंगी लागत नाही.

दुपारी आमटीचं पाणी नको, तळाची डाळ कुस्करून भातात, वर तेलाचा चमचा, आणि शेवग्याचा किंवा लाल माठाचा पाला शिजवून कालवलेला. रात्रीचं जेवण साडेसहाला, झोपेच्या आधी. त्यासाठी आजीला वेगळी चूल पेटवावी लागत नाही, भाताचा कुकर तासभर आधी चढवला की झालं. दुपारचं उरलेलं भरवायचं नाही, पावसाळ्यात दोन तासांत ते बिघडायला लागतं. आणि वाटी वेगळी, मुलीची स्वतःची. मोठ्यांच्या ताटातून भरवलं की किती गेलं ते कधीच कळत नाही.

अंड्यावर तीन आठवडे घासाघीस चालली. आजीचं म्हणणं, उष्ण पडतं. मग श्रावण लागला. श्रावणात अंड्याचा आग्रह धरणं हा शहाणपणा नव्हे, घर कायमचं दुरावतं. तेवढा महिना मसूर आणि मोड आलेल्या कुळथाचं घट्ट कढण, गाळलेलं नाही, वाटलेलं. श्रावण सरल्यावर रोज अर्धं उकडलेलं अंडं सुरू झालं. पैशाचा प्रश्न निघाला तेव्हा कळलं की कर्नाटक सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे महिना २,००० रुपये आजीच्या खात्यात येतात, कारण रेशनकार्डावर कुटुंबप्रमुख ती. सहा-सात रुपयांचं अंडं आणायचं की नाही हे ठरवणारी ती, भरवणारीही तीच. तरी पोषणाची सगळी भाषणं अंगणवाडीत सुनांना बोलावून दिली जातात.

आईचं ताट

आईची उंची १४९ सें.मी., वजन ४१ किलो, हिमोग्लोबिन ९.१. चौथ्या महिन्यात एवढं वजन म्हणजे दिवस जाण्याआधी ती ४० च्या आतच असणार. दोन बाळंतपणांत दोन वर्षांचंही अंतर नाही, पहिल्याची झीज भरून निघालेली नाही. मूल २.४ किलोचं का जन्मलं त्याचं उत्तर तिच्या ताटात होतं, आणि पुढचंही तसंच जन्मण्याच्या वाटेवर होतं.

गरोदरपणात रोज ३५० कॅलरी जास्तीच्या लागतात. बाळ मोठं झालं तर बाळंतपण जड जाईल म्हणून ती उलट कमी खात होती आणि सगळ्यांच्या मागून जेवत होती. कर्नाटकात २०१७ पासून मातृपूर्णा योजनेत गरोदर आणि स्तनदा आईला अंगणवाडीत महिन्याचे २५ दिवस गरम जेवण, अंडं, दूध, चिक्की मिळते. योजना चांगली आहे, पण तिची रचना केंद्रात येऊन बसून जेवण्याची. केंद्र दीड किलोमीटरवर, मधे ओढा, शेत दुसऱ्या दिशेला, आणि सासऱ्याआधी बाहेर जेवून येणं सुनेला अवघड. जूनमध्ये ती नऊच दिवस गेली होती. लावणीच्या दिवसांत हे बदलणार नव्हतं, म्हणून तिथे जोर लावलाच नाही. शेतात नेण्याच्या डब्यात एक भाकरी आणि मूठभर शेंगदाणे वाढवले. तेवढ्याने साडेतीनशेची तूट भरते. लावणी उरकल्यावर केंद्रातलं जेवण सुरू झालं.

लोहाच्या गोळ्या घरात पडून होत्या. पहिल्या आठवड्यात मळमळलं, शौच काळी झाली, ती घाबरली आणि बंद केल्या. काळी शौच अपेक्षितच असते, हे गोळी देतानाच सांगायला हवं होतं. हिमोग्लोबिन ७ ते १०.९ असेल तर रोज दोन गोळ्या. एक दुपारी जेवणानंतर, एक झोपताना, लिंबू-पाण्यासोबत. चहा आगेमागे तासभर नाही. कॅल्शियमची गोळी दिवसातून दोनदा, पण लोहाच्या गोळीपासून दोन तास लांब, नाहीतर लोह नीट अंगी लागत नाही. जंताची ४०० मि.ग्रॅ.ची एक गोळी, चौथ्या ते सहाव्या महिन्यात एकदाच.

तिसऱ्या आठवड्यातली घसरण

पंधरा दिवसांत मुलीचं वजन ६.६५ झालं. मग आडाचं पाणी गढूळ झालं आणि जुलाब लागले, दिवसाला सात-आठ. आजीने जुन्या वळणाने सगळं बंद करून पेजेच्या निवळीवर ठेवलं. चौथ्या आठवड्यात वजन पुन्हा ६.५. पंधरा दिवसांची कमाई पाच दिवसांत गेली.

जुलाबात ओआरएसचं पाकीट एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात, एकदम, निम्मं-निम्मं नाही. दर जुलाबानंतर अर्धी वाटी, चमच्या-चमच्याने. ओकलं तर दहा मिनिटं थांबून पुन्हा. झिंकची २० मि.ग्रॅ.ची गोळी चमचाभर पाण्यात विरघळवून रोज एक, पूर्ण १४ दिवस. जुलाब तिसऱ्या दिवशी थांबले आणि गोळ्याही थांबल्या, ही सगळीकडची चूक इथेही झाली. उरलेल्या अकरा गोळ्यांसाठी आशाताईंना दोनदा घरी जावं लागलं. खाणं थांबवायचं नाही, आणि बरं झाल्यावर दोन आठवडे रोज एक वाटी जास्त. ती जास्तीची वाटी कुणी सांगितली नाही तर वजन परत यायला महिने लागतात.

ऑगस्टमध्ये जंताची अर्धी गोळी (२०० मि.ग्रॅ.) चुरून दिली. लोहाचं औषध आठवड्यातून दोनदा १ मि.ली.

सहाव्या आठवड्यात ६.७५, आठव्यात ७.०, बाराव्यात, म्हणजे गौरी-गणपतीच्या सुमाराला, ७.३५. दंड १२.६, हिरव्यात. लांबी ७१.५, त्या लांबीला मध्यम कुपोषणाची हद्द ७.१. म्हणजे वाळणं थांबलं. खुजेपणा तसाच आहे, आणि तीन महिन्यांत तो जाईल असं सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. वयाप्रमाणे वजन अजून पिवळ्यात. आईचं वजन ४६, हिमोग्लोबिन १०.२.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) कर्नाटकात पाच वर्षांखालची ३५.४ टक्के मुलं खुजी आणि १९.५ टक्के वाळलेली आढळली. पोषण महिना दर सप्टेंबरात साजरा होतो: रांगोळ्या, पाककृतींच्या स्पर्धा. या पट्ट्यात मुलं घसरतात ती जुलै-ऑगस्टमध्ये, आई चिखलात आणि मूल आजीजवळ असताना. सांगायचं ते मे महिन्यात, आगोटीच्या खरेदीबरोबर सांगायला हवं. तेव्हा ऊनही असतं, नाचणीला मोड आणून दोन-तीन किलो पीठ वाळवून ठेवता येतं. आणि बोलवायचं ते आजींना.

बाळंतपण डिसेंबरात आहे. नोव्हेंबर लागताच आई माहेरी जाईल, मुलीला घेऊन. या वेळी दोघींची नावं निघण्याआधी ट्रॅकरवर चंदगडच्या केंद्रात हलवायची आहेत, आणि तायी कार्डाच्या मागे वजनाच्या नोंदी मराठीत लिहून द्यायच्या आहेत. पिशवीत काय जाईल ते आजीनेच ठरवलंय: मोडाच्या पिठाचा डबा, शेंगदाण्याचं कूट आणि मुलीची वाटी.